भार, ओल आणि भाडेकरू : पुण्यातील एका ब्रिटिशकालीन इमारतीचे प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या पूर्व भागातील एका पेठेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात बांधलेली एक दुमजली दगडी इमारत आजही वापरात आहे. ती एका सार्वजनिक विश्वस्त संस्थेच्या मालकीची आहे. संस्थेची, भाडेकरूंची आणि सल्लागारांची ओळख पटू नये म्हणून नावे, नेमके ठिकाण आणि काही तपशील येथे वगळले आहेत.

ब्रिटिश अमदानीतील मोठ्या वास्तूंचे पुण्यात पुढे काय झाले, हे बहुतेकांना ठाऊक असते. गणेशखिंडीतील गव्हर्नरांचे निवासस्थान १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाकडे आले. १८९२ साली उभा राहिलेला आगाखान पॅलेस १९४२ मध्ये गांधीजींच्या स्थानबद्धतेची जागा झाला आणि पुढे स्मारक झाला. १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून सुरू झालेल्या मंडईच्या खर्चाला जोतीराव फुले यांनी विरोध केला होता. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव मिळाले, आणि खाली भाजीबाजार व वर नगरपालिकेची कचेरी असा संसारही तिने बराच काळ केला. या सर्व ठिकाणी उपयोग बदलला तो कोणीतरी बसून, विचार करून बदलला. पेठांतल्या लहान दगडी इमारतींच्या वाट्याला असा विचार क्वचितच येतो. तिथे एक खोली रिकामी होते, कोणीतरी ती मागतो, विश्वस्तांपैकी एखाद्याच्या ओळखीने ती दिली जाते, आणि पन्नास वर्षांनी लक्षात येते की इमारतीचा उपयोग पूर्णपणे बदललेला आहे, पण तो बदलावा असा ठराव कुठल्याही इतिवृत्तात नाही.

प्रस्तुत इमारतीच्या भिंती काळ्या दगडाच्या, दुपदरी आणि चुन्यात बांधलेल्या आहेत. पहिल्या मजल्याची जमीन सागवानी तुळयांवरच्या कडीपाटाची (लाकडी कड्या आणि फळ्यांची) असून वर मंगलोरी कौलांचे छप्पर आहे. दर्शनी बाजूला टोकदार कमानींचा व्हरांडा आहे. मागच्या व्हरांड्याला मात्र लोखंडी गर्डरांवर विटांच्या बुटक्या कमानी टाकून छत केलेले आहे. हा मागचा भाग मूळ बांधकामानंतरचा असावा, असे सांध्यांवरून दिसते.

उपयोग कसे बदलत गेले

इमारत बांधली गेली ती एका व्यापाऱ्याच्या देणगीतून, धर्मादाय दवाखान्यासाठी. खाली तपासणीच्या खोल्या आणि वर डॉक्टरांचे बिऱ्हाड अशी रचना होती. दवाखाना बंद झाल्यावर तिथे जिल्ह्यांतून शिकायला येणाऱ्या मुलांचे वसतिगृह आले आणि मागच्या अंगणात मुदपाकखाना व न्हाणीघर उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर वसतिगृह मोडले, वर प्राथमिक शाळा भरू लागली आणि खालचे गाळे छापखाना, बाइंडिंगवाला आणि एक शिंपी यांना भाड्याने गेले.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतील बेघर कुटुंबांना शहरभर जिथे जागा होती तिथे आसरा दिला गेला. या इमारतीच्या मागच्या व्हरांड्यातही काही बिऱ्हाडे आली. बहुतेक जण वर्षभरात दुसरीकडे गेले, दोन कुटुंबे राहिली. सुरुवातीला त्यांच्याकडून भाडे घेतलेच नव्हते. नंतर नाममात्र घेतले आणि पावत्या दिल्या, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ती भाडेकरू झाली. माणुसकीने दिलेला आसरा आणि रीतसर भाडेपट्टा यांच्यातली ही धूसर जागा पुढे फार त्रासदायक ठरली.

शाळा बंद झाल्यावर वरच्या मजल्यावर संस्थेने ग्रंथालय थाटले. स्पर्धा परीक्षांसाठी गावोगावचे उमेदवार पुण्यात येऊ लागले, तसा ग्रंथालयाचा मोठा भाग अभ्यासिकेत बदलला. ग्रंथालयाची वर्गणी जेमतेम झाडूपोछ्यापुरती होती. अभ्यासिकेचे मासिक शुल्क हेच संस्थेचे मुख्य उत्पन्न झाले. जास्तीत जास्त खुर्च्या बसाव्यात म्हणून पुस्तकांचे लोखंडी घोडे (मांडण्या) पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीलगत सरकवले गेले, वातानुकूलन यंत्रे बसवली गेली, आणि मुलामुलींसाठी वरच्या मजल्यावरच, पुन्हा पश्चिमेच्याच भिंतीला टेकून, स्वच्छतागृहे बांधली गेली. त्याच सुमारास दगडी भिंत 'जुनाट दिसते' म्हणून तिला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला. यातला एकेक निर्णय त्या वेळी सोयीचाच होता.

अडचण

एका पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीचा बाहेरचा पदर फुगलेला दिसू लागला. गिलाव्याचा मोठा पापुद्रा अंगणात पडला, कोणाला लागले नाही. पंधरवड्यातच महापालिकेची, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खालील, धोकादायक बांधकामाची नोटीस आली. या कलमाखाली आयुक्त मालकाला बांधकाम पाडण्यास, दुरुस्त करण्यास किंवा सुरक्षित करण्यास फर्मावू शकतात. संस्थेत मात्र नोटिशीचा अर्थ 'पाडा' एवढाच लावला गेला, आणि घाईने बोलावलेल्या पहिल्या अभियंत्याने बाहेरून पाहणी करून तोच सल्ला लेखी दिला.

येथे पहिला निर्णायक क्षण आला. कार्यवाहांनी तो अहवाल महापालिकेला लगेच पाठवायचे ठरवले होते. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, "अहो, भिंत कशाने फुगली हे या कागदात कुठे लिहिलंय?" अहवालात ते खरोखरच नव्हते. अहवाल तसाच गेला असता तर पुढचे सारे पर्याय तिथेच संपले असते, कारण मालकाने स्वतः दाखल केलेला 'पाडावे' असा अहवाल नंतर मागे घेणे अतिशय अवघड असते. त्याऐवजी संस्थेने वरचा मजला त्या दिवसापासून बंद केला, भिंतीला बाहेरून आणि तुळयांना खालून टेकू दिले, तसे महापालिकेला लेखी कळवले आणि सविस्तर तपासणीसाठी मुदत मागितली. मुदत मिळाली.

दुसऱ्या अभियंत्याने दगडी बांधकामावर आयुष्य घालवलेले होते. त्याने प्रथम भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून प्रत्येकीवर तारीख लिहिली. भेग वाढत असेल तर काच तडकते; तडकली नाही तर हालचाल थांबलेली आहे असे समजायचे. मग त्याने गिलाव्याचा हातभर चौकोन काढायला सांगितला. महिना फेब्रुवारीचा होता, बाहेर धूळ उडत होती, आणि गिलाव्यामागचा दगड ओलाचिंब निघाला. सांध्यातला चुना गवंड्याने बोटाने खरवडला तर तो ओल्या रव्यासारखा हातात आला.

कारणांची साखळी त्यानंतर उलगडली. चुन्याची भिंत ओल घेते आणि बाहेर सोडते. सिमेंटच्या गिलाव्याने ती सोडण्याची वाट बंद झाली होती, आणि आत येणारे पाणी मात्र वाढले होते : स्वच्छतागृहांची गळती, वातानुकूलन यंत्रांचे भिंतीवर टपकणारे पाणी, आणि कित्येक वर्षे साफ न झालेली छपराची पन्हळ. भिंतीला खालून लोणा (ओलीबरोबर वर येणारे क्षार) लागलेला होता आणि दोन पदरांमधली भर मोकळी झाली होती. तुळयांची भिंतीत गेलेली टोके कुजली होती, तीनमध्ये वाळवीही होती. जड घोडे भिंतीलगत ठेवणे एरवी शहाणपणाचेच, कारण तुळईच्या मधोमध भार टाकण्यापेक्षा टोकाजवळ टाकलेला बरा. येथे टोकेच गेलेली होती.

मुख्य प्रश्न भाराचा निघाला. इमारतींवरचा भार ठरवणाऱ्या भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो, वर्गासाठी ३०० किलो आणि ग्रंथसाठ्याच्या खोलीसाठी किमान ६०० किलो इतका वापराचा भार धरायला सांगितलेला आहे. कडीपाट बांधला गेला होता डॉक्टरांच्या बिऱ्हाडासाठी. वसतिगृहापर्यंत फारसा फरक पडला नाही, शाळेने भार मर्यादेच्या काठावर आणला आणि ग्रंथालयाने ती मर्यादा केव्हाच ओलांडली. शंभर-सव्वाशे वर्षांत इमारतीवर एकही मजला चढला नव्हता, तरी पुस्तकांखालची जमीन मूळ वापराच्या तिप्पट भार वागवीत होती.

विचारात घेतलेले पर्याय

पाडून नवे बांधण्याचा प्रस्ताव सर्वांत आकर्षक होता. एका विकासकाने संस्थेला दोन मजले, भाडेकरूंना मालकीची घरे आणि वर रोख रक्कम देऊ केली. विश्वस्त मंडळातील बहुमत सुरुवातीला याच बाजूचे होते, आणि त्यांना दोष देता येणार नाही, कारण संस्थेच्या खात्यावर साध्या रंगकामापुरतेही पैसे नव्हते. अडथळे दोन होते. इमारत महापालिकेच्या वारसा यादीत तिसऱ्या श्रेणीत होती, त्यामुळे वारसा समितीच्या सल्ल्याशिवाय पाडकामाला परवानगी मिळणार नव्हती. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार विश्वस्त संस्थेची मिळकत विकायला, किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायलाही, धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विकासक हे सगळे 'बघून घेतो' म्हणत होता. कसे बघणार, हे त्याने लेखी द्यायचे टाळले, तेव्हा दोन विश्वस्तांचे मत फिरले.

दुसरा प्रस्ताव दर्शनी भिंत राखून आत काँक्रीटचा सांगाडा उभारण्याचा होता. यात ग्रंथालय आणि अभ्यासिका आहे तशी चालवता आली असती, आणि सर्व सल्लागारांत एकमेव मतभेद याच मुद्द्यावर झाला. माझ्या मते हा पर्याय नाकारला गेला ते योग्यच झाले. त्याचे कारण सौंदर्याचे नव्हते. नव्या खांबांचे पाये जुन्या भिंतीच्या पायालगत खोदावे लागणार होते, आणि आधीच फुगलेल्या भिंतीच्या कुशीत खोदकाम करण्याचा धोका कोणी अंगावर घ्यावा, याचे उत्तर मिळत नव्हते.

एका उपाहारगृहाच्या व्यावसायिकाने दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याच्या बदल्यात दुरुस्तीचा सर्व खर्च करण्याची तयारी दाखवली. जुन्या दगडी घरात कॉफी पिण्याची हौस असलेले गिऱ्हाईक पुण्यात भरपूर आहे आणि त्याचा आराखडा देखणा होता. भार बेताचा राहिला असता. पण मुदपाकखाना वर होता, म्हणजे पाणी, वाफ आणि धूर पुन्हा त्याच मजल्यावर. अभियंत्याने एवढेच विचारले की ज्या ओलीने भिंत गेली तीच ओल भाडे देऊन आत घ्यायची का. तो प्रस्ताव तिथेच थांबला.

उरला तो चुन्यात, टप्प्याटप्प्याने दुरुस्ती करण्याचा मार्ग. त्यात सर्वांत मोठा घास उत्पन्नाचा जाणार होता, कारण पुस्तके तळमजल्यावर आणायची, अभ्यासिकेच्या खुर्च्या निम्म्याहून कमी करायच्या आणि वरची स्वच्छतागृहे कायमची काढायची, हे त्याचे अटळ भाग होते. बैठकीत यावर बराच वाद झाला. खजिनदारांचे म्हणणे होते की खुर्च्या कमी करून इमारत वाचवायची आणि मग तिचा खर्च चालवायला पैसेच नसायचे, हा कसला बचाव? या प्रश्नाला पूर्ण उत्तर कोणाकडेच नव्हते. शेवटी दुरुस्तीचा ठराव मंजूर झाला तो एका मताच्या फरकाने.

'हेरिटेज म्हणजे खिळाही ठोकता येत नाही' ही समजूत या चर्चेत वारंवार डोके वर काढत होती, तिच्याबद्दल थोडे लिहिणे आवश्यक आहे. महापालिकेच्या यादीतील इमारत आणि पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक या वेगळ्या गोष्टी आहेत. शनिवारवाड्यासारख्या केंद्र संरक्षित स्मारकाला १९५८ चा केंद्रीय कायदा लागू होतो आणि त्याच्या भोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी असते. यादीतील तिसऱ्या श्रेणीच्या इमारतीत आतले बदल आणि नवा उपयोग सर्वसाधारणपणे करता येतो. रीतसर परवानगी घ्यावी लागते, इतकेच. हे विश्वस्तांना आधी माहीत असते तर सिमेंटचा गिलावा करतानाही कोणीतरी विचारले असते.

केलेली कार्यवाही

कामाआधी भाडेकरूंचा प्रश्न सोडवणे भाग होते. छापखाना बंद पडल्यातच जमा होता. मालकाने गाळा परत केला. बाइंडिंगवाला आणि शिंपी काम चालू असेपर्यंत समोरच्या बाजूला सरकायला तयार झाले. मागच्या व्हरांड्यातील दोन कुटुंबांपैकी एकाच्या आजींनी मात्र ठाम नकार दिला. "एकदा बाहेर पडले की परत आत येणं नाही, हे मी पानशेतच्या वेळीच पाहिलंय," असे त्या म्हणाल्या. कार्यवाहांनी त्यांना कायदा समजावून पाहिला : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार इमारत दुरुस्त ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे आणि दुरुस्तीसाठी जागा सोडल्याने त्यांचा हक्क जाणार नाही. आजींना कलमे नको होती. त्यांनी मागितले ते असे : खोल्यांचा मापांसह नकाशा, त्यावर सर्व विश्वस्तांच्या सह्या, भाड्याची पावती दर महिन्याला चालू, आणि खोलीला त्यांचे स्वतःचे कुलूप, ज्याची किल्ली त्यांच्याकडेच राहील. गवंड्यांना आत जायचे असेल तेव्हा त्यांचा नातू येऊन उघडून देईल. काम रोज अर्धा तास उशिरा सुरू झाले, पण संस्थेने ही अट मान्य केली आणि मला वाटते, संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत किफायतशीर निर्णय होता. दुसऱ्या कुटुंबाशी असा करार झाला नाही. त्यांनी न्यायालयातून मनाई मागितली आणि तेवढा व्हरांड्याचा भाग दुरुस्तीतून वगळावा लागला.

वारसा समितीपुढे दुरुस्तीचा आराखडा ठेवून परवानगी घेतली. मग पन्हळ बदलणे, स्वच्छतागृहे काढून अंगणात वेगळी बांधणे आणि पाण्याच्या सर्व नळ्या भिंतीपासून दूर नेणे ही कामे आधी केली. यावर अभियंत्याचा कटाक्ष होता : पाणी थांबल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही. सिमेंटचा गिलावा हाताने, छिन्नीने काढला; यंत्राचे हादरे टाळले. उघडी भिंत एक उन्हाळा तशीच वाळू दिली. त्या काळात अंगणात येणारा प्रत्येक जण 'काम बंद पडलं का?' असे विचारत असे आणि विश्वस्तांना ते सहन करावे लागले.

कळीचा चुना खड्ड्यात विझवून मुरत ठेवला. चुना, वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) चुन्याच्या घाण्यात मळणारा माणूस शोधायला वेळ गेला, कारण पुण्यात असे काम करणारी कुटुंबे आता थोडीच उरली आहेत आणि ती वाड्यांच्या नि मंदिरांच्या कामांत गुंतलेली असतात. फुगलेला पदर थोडथोडा उतरवून, प्रत्येक दगडावर खडूने क्रमांक घालून पुन्हा बांधला. मूळ बांधकामात दोन्ही पदर एकत्र धरणारे लांब दगड फारच कमी होते; ते जागोजागी नव्याने घातले. कुजलेली टोके कापून तुळयांना नव्या सागवानाचे जोड दिले आणि भिंतीतल्या कोनाड्यात टोकाभोवती हवा खेळेल इतकी जागा सोडली. शेवटी दगडांमधले सांधे (दर्जा) भरून बाहेरची भिंत उघडी ठेवली, आतून चुन्याचा गिलावा केला.

पैसे तीन ठिकाणांहून आले : जुन्या विद्यार्थ्यांच्या देणग्या, अंगणातील एका पत्र्याच्या शेडचे, तीन वर्षांहून कमी मुदतीच्या कराराचे भाडे, आणि विश्वस्तांनी दिलेली बिनव्याजी उसनवार. वारसा इमारतीच्या गमावलेल्या बांधकाम हक्काच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क (दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळवण्याचा अर्जही केला. त्यावर विसंबून काम सुरू केले नाही, हे बरे झाले, कारण काम संपले तरी अर्ज प्रलंबितच होता.

निष्पत्ती

त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत काचेची एकही पट्टी तडकली नाही. भिंतीचा खालचा भाग अजून पूर्ण कोरडा नाही आणि लोणा अधूनमधून पांढरा उमटतो. तो कुंच्याने झाडून टाकायचा, त्यावर रंग लावायचा नाही, अशी सूचना शिपायाला दिलेली आहे. महापालिकेने स्थैर्य प्रमाणपत्र पाहून नोटीस निकाली काढली. पुस्तके तळमजल्यावर, छापखान्याच्या जुन्या गाळ्यात आहेत. वर कमी खुर्च्यांची अभ्यासिका आणि संध्याकाळी गायनाचा वर्ग चालतो. आजी आपल्या खोलीत परत आल्या.

खजिनदारांची भीती अंशतः खरी ठरली. उत्पन्न घटले, आणि शुल्क वाढवल्यावर काही उमेदवार स्वस्त अभ्यासिकांकडे गेले. अंगणातली नवी स्वच्छतागृहे पावसात गैरसोयीची आहेत, विशेषतः रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या मुलींसाठी; छत घातलेली वाट करण्याचे काम अजून व्हायचे आहे. वादात अडकलेल्या व्हरांड्याचे गर्डर गंजत आहेत. गंजलेले लोखंड फुगते आणि वरच्या विटांच्या कमानींना भेगा पाडते, त्यामुळे त्या भागाखाली टेकू कायम आहेत आणि इमारतीतला खरा धोका आता तिथे आहे.

वेगळे काय करता आले असते

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारणी (कौले नीट लावणे) आणि पन्हळ सफाई झाली असती तर कदाचित हे प्रकरण उभेच राहिले नसते. संस्थेच्या जुन्या हिशेबात शाकारणीचा खर्च वर्षानुवर्षे नियमाने दिसतो; अभ्यासिका सुरू झाल्यानंतर तो दिसेनासा होतो. त्याच वर्षांत वातानुकूलन यंत्रांच्या देखभालीचा खर्च मात्र चुकलेला नाही.

दोन्ही कुटुंबांशी बोलणी अभियंता येण्याआधी व्हायला हवी होती. टेप घेऊन आलेला अनोळखी माणूस व्हरांड्याची मापे घेताना पाहून दुसऱ्या कुटुंबाने वकील गाठला. आधी नातेसंबंधातल्या कोणाला मध्ये घालून शब्द टाकला असता, तर कदाचित आजींसारखाच काही मार्ग निघाला असता. तो निघालाच असता असे मात्र खात्रीने म्हणता येत नाही, कारण विकासकाच्या प्रस्तावातल्या मालकीच्या घराची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचलेली होती आणि त्यापुढे साधी दुरुस्ती कोणालाही फिकीच वाटली असती.

नोंदींच्या बाबतीत मोठे नुकसान झाले. शाळेच्या काळात वरच्या दोन भिंतींवर गिलाव्यातच केलेले काळे फळे होते, आणि वसतिगृहाच्या काळातील खोल्यांचे क्रमांक दारांच्या चौकटींवर रंगवलेले होते. गिलावा काढायच्या आदल्या दिवशी छायाचित्रे घ्यायचे ठरले होते. छायाचित्रकार आला तेव्हा फळे उतरलेले होते. चौकटींवरचे क्रमांक वाचले, कारण सुताराने विचारल्याशिवाय रंग खरवडला नाही. दवाखान्याच्या काळाचे आता इमारतीत काहीच उरलेले नाही. सर्वांत जुना थर जपायचा की प्रत्येक उपयोगाची थोडी थोडी खूण ठेवायची, ही चर्चा कामाच्या आधी झाली नाही. झाली असती तरी एकमत झाले असते असे नाही, पण निदान गवंड्याला काय सांगायचे ते ठरले असते.

भाराचा नियम लेखी करण्यात मात्र संस्थेने उशीर केला नाही. कोणत्या खोलीत किती भार चालेल, कुठे पाणी नेता येणार नाही आणि कोणत्या भिंतीला काही टांगायचे नाही, याचा तक्ता इतिवृत्तात जोडला असून नव्या भाडेकराराला तो परिशिष्ट म्हणून लावला जातो. रिकाम्या झालेल्या दर्शनी गाळ्यासाठी अलीकडे दोन अर्ज आले. घरपोच जेवण पुरवणाऱ्या एका मुदपाकखान्याचा अर्ज तक्त्यामुळे चर्चेशिवाय नाकारला गेला. दुसरा एका कुरिअर कार्यालयाचा आहे. जमिनीला त्याचा भार चालण्यासारखा आहे, पण सामानाचे टेम्पो दर्शनी कमानींना लागून उभे राहतील का, या मुद्द्यावर तो पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवला आहे.